दुकान अंबाजोगाईत, शोध मोबाइलवर: लहान धंद्याने गुगलवर कसं दिसावं

मार्च उलटायला लागला की आमच्या मामांच्या दुकानातला फोन सकाळी सहालाच वाजतो. रात्रीच्या लाईटीवर कुणीतरी उसाला पाणी देत असतो, व्होल्टेज पडतं, मोटार जळते आणि उजाडायच्या आत शेतकऱ्याचा प्रश्न येतो, "मामा, आज भरून मिळंल का?" मामांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं, दुकान अंबाजोगाईत आहे. पूर्वी असा फोन ओळखीच्याच माणसाचा यायचा. आता पलीकडचा माणूस पुष्कळदा अनोळखी असतो आणि सांगतो, "गुगलवर नंबर घावला."

माझे दाजी वसमतला हळद दळून पावडर विकतात. त्यांचं गिऱ्हाईक दारात येत नाही. ते पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत बसून मोबाइलवर शोधतं आणि माल कुरिअरने मागवतं. या दोन्ही धंद्यांचं गुगलवरचं काम मी गेली काही वर्षं सांभाळतो. एकाला जवळचं गिऱ्हाईक हवं, दुसऱ्याला लांबचं, त्यामुळे दोघांची कामंही वेगळी पडतात. तुमचा धंदा यातल्या कोणत्या जातीचा आहे, ते आधी ठरवा. दवाखाना, गॅरेज, खानावळ, लॉज, क्लास हे मामांच्या बाजूचे. हळद, खवा, केसर आंबा, पैठणी, हिमरू शाल, डाळ हे दाजींच्या बाजूचे.

गुगलवर काही शोधलं की दोन प्रकारचे निकाल दिसतात. काहींवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. तिथे कुणी क्लिक केलं की धंदेवाल्याच्या खात्यातून पैसे जातात. बाकीचे निकाल आणि नकाशावरची दुकानं यांच्यासाठी गुगल एक रुपयाही घेत नाही. आम्ही सुरुवात उलट केली होती. आधी जाहिरात लावली, मग वेबसाइट नीट केली आणि गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत शोधतं हे सगळ्यात शेवटी पाहिलं. पहिल्या महिन्याचे पैसे त्यातच गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा क्रम सांगतो आहे.

गिऱ्हाईकाचे शब्द वहीत उतरवा

एक दोनशे पानी वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहा. शुद्ध करू नका, इंग्रजी करू नका.

मामांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मोटार रिवायंडिंग' लिहिलेलं आहे. वहीत तो शब्द क्वचितच आला. लोक म्हणत होते: मोटार जळाली. पाणबुडी मोटार पाणी उचलत नाही. स्टार्टर सारखा ट्रिप होतोय. मोटार भरायचे किती घेता? पाच एचपीची आहे, गाडी पाठवता का? तो माणूस मोबाइलवरही हेच टाइप करतो. नाहीतर माइकचं चिन्ह दाबून हेच बोलतो, कारण मराठीत टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं पडतं.

वही भरली की मोबाइलवर गुगल उघडा आणि एकेक शब्द अर्धवट टाइप करून थांबा. खाली ज्या ओळी आपोआप येतात, त्या लोकांनी खरोखर शोधलेल्या गोष्टींवरून येतात. त्याही वहीत घ्या. निकालांच्या पानाच्या तळाशी मिळतेजुळते आणखी शोध दिसतात, तेही घ्या. गुगल ट्रेंड्स फुकट आहे. त्यात महाराष्ट्र निवडून 'हळद' आणि 'हल्दी' यांची तुलना करता येते आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात शोध वाढतो तेही दिसतं. मात्र लहान गावाच्या बारीक शब्दांसाठी ट्रेंड्समध्ये बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. तिथे तुमची वहीच खरी.

प्रत्येक शब्द तीन-चार रूपांत लिहा. देवनागरीत 'हळद पावडर'. तेच इंग्रजी अक्षरांत मराठी उच्चाराने. हिंदी उच्चाराने 'हल्दी'. आणि सरळ इंग्रजी 'टर्मरिक पावडर'. नागपूरकडचं गिऱ्हाईक एका रूपात शोधेल, हैदराबादचं दुसऱ्याच.

मराठवाड्यात गावांच्या नावांचाही प्रश्न आहे. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. सरकारी कागदावर नवं नाव आलं, पण शोधणाऱ्यांच्या बोटांत दोन्ही नावं आहेत. कुणी नुसतं 'संभाजीनगर' लिहितं. बाहेरच्या राज्यातून वेरूळ-अजिंठा बघायला येणारा पर्यटक तर बहुधा औरंगाबादच लिहितो. गुगलला दोन्ही नावं एकाच शहराची आहेत हे पुष्कळसं कळतं, तरी तुमच्या पानावर पत्ता नव्या नावाने द्या आणि मजकुरात एकदा 'पूर्वीचं औरंगाबाद' असं सहज येऊ द्या. वाचणाऱ्यालाही ते बरं पडतं.

नकाशावरचं दुकान

दारात गिऱ्हाईक येणाऱ्या धंद्यासाठी यापेक्षा मोलाचं दुसरं काही नाही. या सेवेचं नाव गुगल बिझनेस प्रोफाइल. 2021 पर्यंत तिला गुगल माय बिझनेस म्हणत. ती फुकट आहे. वेबसाइट नसली तरी चालते. माझं स्पष्ट मत असं, की मामांसारख्या दुकानाने पहिले सहा महिने वेबसाइटचा विचारही करू नये; प्रोफाइल नीट करावं.

आधी नकाशावर आपल्याच दुकानाचं नाव शोधा. कुणीतरी, बहुधा एखाद्या गिऱ्हाईकानेच, ते आधीच टाकलेलं असू शकतं. असेल तर नवं काढू नका, त्याचीच मालकी मागा. एका दुकानाची दोन प्रोफाइलं झाली की अभिप्राय विभागले जातात आणि गिऱ्हाईक चुकीच्या नंबरवर फोन करतं.

नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. 'अमुक इलेक्ट्रिकल्स, अंबाजोगाईतील सर्वोत्तम मोटार दुरुस्ती, पाणबुडी, स्टार्टर, केबल' असं लांबलचक नाव नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. ते शब्द सेवांच्या यादीत आणि वर्णनात घाला, त्यांची जागा तिथेच आहे. मुख्य प्रवर्ग (कॅटेगरी), म्हणजे धंद्याचा प्रकार, निवडताना घाई करू नका. तुम्ही कोणत्या शोधात दिसणार, ते ठरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. जवळात जवळचा एक मुख्य घ्या, बाकीचे दुय्यम.

पत्त्यापेक्षा पिन महत्त्वाची. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'मोंढा रोड, जुन्या नाक्याच्या पुढे, पिंपळाजवळ'. ते माणसाला कळतं, नकाशाला नाही. मामांच्या दुकानाची पिन आधी दोन गल्ल्या पलीकडे पडली होती. मोटार घेऊन आलेली पिकअप तिथून फोन करायची आणि मामा पोराला हात दाखवायला चौकात उभं करायचे. उपग्रहाचं चित्र लावा, आपल्या पत्र्याचं छप्पर शोधा आणि पिन बरोबर शटरवर ओढून आणा. मग एखाद्या मित्राला नुसत्या नकाशावरून यायला सांगून तपासा.

पडताळणी आता बऱ्याचदा व्हिडिओने मागतात. तो न थांबवता एका दमात काढायचा असतो. आधी रस्ता आणि आजूबाजूची दुकानं, मग पाटी, मग स्वतःच्या हाताने किल्लीने शटर उघडणं, आतली मशिनं आणि शेवटी दुकानाचा परवाना किंवा बिलबुक. दुकान आहे, ते इथेच आहे आणि ते तुम्हीच चालवता, या तीन गोष्टी त्यात दिसल्या पाहिजेत. आमचा पहिला व्हिडिओ नाकारला गेला, कारण मी दुकानाच्या आतूनच सुरुवात केली होती आणि रस्ता आलाच नव्हता. दुसऱ्या वेळी चौकातून चालत आलो आणि काम झालं.

फोटो स्वतः काढा. जळालेल्या वायंडिंगचा काळा फोटो आणि शेजारी नव्या तांब्याच्या तारेने भरलेल्या त्याच मोटारीचा फोटो, या दोन फोटोंनी मामांचं काम जेवढं कळतं तेवढं पानभर मजकुराने कळणार नाही. इंटरनेटवरून उचललेले चकचकीत फोटो लावू नका. वेळा खऱ्या लिहा. पोळा, दसरा, दिवाळी पाडवा अशा दिवसांसाठी खास वेळा टाकायची सोय आहे, ती वापरा. तुळजापुरात लॉज असेल तर नवरात्राच्या आधी आठ दिवस वेळा आणि फोन नंबर पुन्हा एकदा तपासाच. 'उघडं आहे' वाचून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो तिथेच उभा राहून एक तारा देतो.

आता अभिप्राय. नकाशावर कुणाला वर दाखवायचं ते गुगल तीन गोष्टींवरून ठरवतं: शोधाशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचा धंदा किती नावाजलेला आहे. अंतर तुमच्या हातात नाही. जुळणं प्रवर्गाने आणि वर्णनाने होतं. नावाजलेपणात अभिप्रायांची संख्या आणि तारे धरले जातात.

अभिप्राय मागायची वेळ एकच: मोटार चालू होऊन पाणी पडल्यावर. मामा आता दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतात, "पाणी येतंय ना बरोबर?" हो म्हणाला की व्हॉट्सॲपवर अभिप्रायाची लिंक पाठवतात आणि सांगतात, "काय काम केलं तेवढं दोन ओळींत लिहा." त्यामुळे नुसतं 'छान' न येता 'पाच एचपीची पाणबुडी मोटार एका दिवसात भरून दिली' असं येतं. पुढच्या शेतकऱ्याला तेच वाचायचं असतं. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणं नियमाविरुद्ध आहे, आणि भावकीतल्या पोरांकडून वीस खोटे अभिप्राय लिहून घेणं ही तर गिऱ्हाईकाची फसवणूक आहे. वाईट अभिप्राय आला तर दोन तास थांबा, मग नावाने, नम्रपणे, काय झालं आणि आता काय करतो ते लिहा. ते उत्तर भांडणाऱ्यापेक्षा पुढचे शंभरजण वाचणार असतात.

वेबसाइट: दाजींची बाजू

लांबच्या गिऱ्हाईकाला मात्र पान लागतं. पूर्वी बिझनेस प्रोफाइलमधूनच एक साधी फुकट वेबसाइट निघायची. मार्च 2024 मध्ये गुगलने ती सोय बंद केली. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तो जुना पत्ता छापलेला असेल तर कार्ड बदला.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशाने घ्या. यावर मी हट्टाने बोलतो, कारण दाजींचं यात वर्ष गेलं. ज्याने साइट बनवली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने काम सोडलं, फोन उचलेना, मुदत संपली आणि पाकिटावर छापलेला पत्ता दुसऱ्याचाच झाला. छापून घेतलेली पाकिटं तशीच पडून राहिली. बनवणारा कितीही ओळखीचा असो, खात्याचा मालक तुम्हीच असलं पाहिजे. डॉट इन घ्या किंवा डॉट कॉम घ्या. 2014 पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं, पण पाकिटावर छापायला आणि फोनवर सांगायला मी अजून डॉट इनच सुचवेन.

आता एक चूक, जी मी जिल्ह्याजिल्ह्यात पाहिली आहे. पत्रक छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून मजकूर येतो आणि तोच वेबसाइटवर चढवला जातो. तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात असेल, तर डोळ्यांना मराठी दिसली तरी आतमध्ये ती इंग्रजी चिन्हांची रांग असते. गुगलला त्यात 'हळद' सापडणार नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो त्या पद्धतीत. तपासायला सोपं आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर ठीक, अगम्य चिन्हं आली तर पुन्हा टाइप करून घ्या. पत्रकाचा फोटो जसाच्या तसा चढवला असेल तरी तेच. किंमत, पत्ता, फोन नंबर हे चित्रात असू नये, अक्षरांत असावं.

एका पानावर एकच गोष्ट. दाजींच्या साइटवर आधी एकाच पानावर हळद पावडर, हळकुंड, मिरची, धने पावडर सगळं होतं. आता प्रत्येकाचं वेगळं पान आहे. पानाचं शीर्षक, जे गुगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसतं, ते असं: 'वसमतची हळद पावडर, 1 किलो व 5 किलो, घरपोच'. त्यात वहीतला शब्द आहे, गावाचं नाव आहे आणि माप आहे. 'आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे' असं शीर्षक ठेवलं तर ती जागा फुकट गेली.

पानावर लिहायचं काय? गिऱ्हाईक फोनवर विचारतं तेच. हळद कोणत्या वाणाची? कधीची? पॉलिश केलेली आहे का? रंग मिसळला नाही हे कशावरून? दळण कुठे होतं? कुरिअर किती दिवसांत पोचतं आणि किती घेतं? दाजींनी सेलम हळकुंडं मोंढ्यातून आणल्यापासून दळून पाकीट बंद होईपर्यंतचे सहा फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी टाकल्या. फुगवलेल्या विशेषणांपेक्षा त्या पानाने जास्त माल विकला. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 अंकी क्रमांक पानावर ठळक द्या. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर ते अभिमानाने लिहा, नसाल तर मानांकनाचं चिन्ह वापरू नका. आणि हळदीने अमुक आजार बरा होतो, असं चुकूनही लिहू नका. ते कायद्यातही बसत नाही आणि गुगलच्या जाहिरातीतही.

पान मोबाइलवर झटकन उघडलं पाहिजे. गुगल तुमच्या साइटचं मोबाइलवरचं रूपच मुख्य धरतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा हा त्यांचा मापदंड आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स' या फुकटच्या साधनात पत्ता टाकला की कळतं. बहुतेक वेळा दोष एकच निघतो, कॅमेऱ्यातून थेट चढवलेले जडशीळ फोटो. ते लहान करून टाका. फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण अंगठ्याच्या पोचेत, खाली कायम दिसेल असं ठेवा.

साइट तयार झाली की गुगल सर्च कन्सोलमध्ये ती जोडा आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांची यादी, द्या. तेही फुकट आहे. कोणत्या शब्दावर तुमचं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं, हे तिथे दिसतं. इथे घाई करून चालत नाही. केलेल्या सुधारणांचं फळ दिसायला गुगलच्याच सांगण्याप्रमाणे चार महिने ते वर्ष लागू शकतं.

आता जाहिरात

गुगल ॲड्स म्हणजे प्रत्येक शोधावर होणारा लिलाव, आपल्या मोंढ्यातल्या सौद्यासारखा, पण एक फरक आहे. मोंढ्यात जास्त बोली लावणारा माल नेतो. इथे बोलीबरोबर जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतरचं पान कसं आहे, हेही धरलं जातं. म्हणून चांगलं पान असलेला लहान दुकानदार कमी बोलीतही मोठ्याच्या वर दिसू शकतो. आधी पान, मग जाहिरात असं म्हणतो ते यासाठीच.

खातं काढताना गुगल तुम्हाला सोप्या वाटेने नेऊ बघतं, जिथे बरंच काही आपोआप ठरतं. तिथे 'एक्स्पर्ट मोड' शोधा, म्हणजे सेटिंग आपल्या हातात राहतात. मोहीम (कॅम्पेन) 'सर्च' प्रकारची, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसणारी, घ्या. 'डिस्प्ले नेटवर्क' समोरची खूण काढून टाका, नाहीतर तुमची जाहिरात लोकांच्या गेममध्ये आणि बातम्यांच्या साइटवर जाऊन चुकून पडलेल्या बोटांचे पैसे लावेल. 'सर्च पार्टनर्स', म्हणजे गुगलशी जोडलेल्या दुसऱ्या साइटवरचे शोध, याचीही खूण सुरुवातीला काढून टाका.

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये बारकाईने बघा. गुगल आपोआप निवडतं ते असं: त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे लोक. दुसरा पर्याय 'प्रेझेन्स', म्हणजे फक्त तिथे असलेले. मामांसाठी मी दोन मोहिमा केल्या आहेत. 'मोटार जळाली', 'पाणबुडी मोटार दुरुस्ती' अशा साध्या शब्दांसाठी अंबाजोगाईभोवतीचा भाग, म्हणजे केज, परळी, धारूर, रेणापूर, आणि फक्त तिथे असलेले लोक. ज्या शब्दांत गावाचं नाव आहे, जसं 'मोटार रिवायंडिंग अंबाजोगाई', त्यांच्यासाठी सगळा महाराष्ट्र. कारण मराठवाड्यातल्या घराघरातला एक मुलगा पुण्याला नोकरीला आहे. गावाकडे वडिलांची मोटार जळाली की तो चिंचवडमधून शोधतो आणि वडिलांना नंबर देतो. हे गिऱ्हाईक 'प्रेझेन्स'च्या एकट्या मोहिमेत सुटलं असतं.

ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द टाकताना अवतरण चिन्हांत किंवा चौकटी कंसात टाका. अवतरणात टाकलेला शब्द त्याच अर्थाच्या शोधांना लागतो, चौकटी कंसातला त्याहून घट्ट. नुसता मोकळा टाकलेला शब्द फार लांब भटकतो. दाजींच्या पहिल्या मोहिमेत 'हळद' मोकळा होता. महिन्याने मी 'सर्च टर्म्स' चा अहवाल उघडला. आपले पैसे नेमक्या कोणत्या शोधांवर गेले, ते त्यात दिसतं. लग्नसराई होती. हळदीचं डेकोरेशन. हळदीला नवरीचा पिवळा ड्रेस. हळदीची गाणी. हळदीचे चेहऱ्याला फायदे. आजचे हळद बाजारभाव हिंगोली. पावडर विकत घेणारे त्यात शोधून काढावे लागले.

म्हणून नको असलेल्या शब्दांची यादी पहिल्याच दिवशी टाका. डेकोरेशन, ड्रेस, गाणी, मेहंदी, फायदे, रेसिपी, बियाणे, लागवड, नोकरी. प्रत्येक शब्द दोन्ही लिपींत टाका, कारण देवनागरीतला अडवला म्हणून इंग्रजी अक्षरांतला अडत नाही. पण विचार करून. आम्ही 'भाव' अडवला आणि 'हळद पावडर 5 किलो भाव' विचारणारं खरं गिऱ्हाईकही अडलं. मग तो काढून फक्त 'बाजारभाव' ठेवला. दर आठवड्याला हा अहवाल उघडून नवे नकोसे शब्द टाकत राहा. जाहिरातीच्या सगळ्या कामात या अर्ध्या तासाएवढी कमाई दुसऱ्या कशात नाही.

जाहिरातीत 15 पर्यंत शीर्षकं देता येतात, प्रत्येक 30 अक्षरांचं, आणि 90 अक्षरांची चार वर्णनं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे जागा लवकर भरते. वाक्यं तोडकी ठेवा. 'मोटार जळाली? आजच आणा' एवढं पुरे. फोन नंबर आणि बिझनेस प्रोफाइलचा पत्ता जाहिरातीला जोडायची सोय आहे, ती वापराच.

पैशाचं गणित आधी कागदावर करा. समजा 5 किलोच्या ऑर्डरमागे तुम्हाला 300 रुपये सुटतात आणि वीस क्लिकमागे एक ऑर्डर येते. मग एका क्लिकला 15 रुपये ही तुमची लक्ष्मणरेषा; त्यावर गेलात की घरचं घालताय. रोजचं बजेट 150 ठेवलं तर एखाद्या दिवशी गुगल 300 पर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याचा आकडा 30.4 पटीच्या, म्हणजे 4,560 रुपयांच्या वर जात नाही. यावर 18 टक्के जीएसटी. आधी पैसे भरायच्या पद्धतीत हजार रुपये भरले तर जाहिरातीला साधारण 847 उरतात. जीएसटी नोंदणी असेल तर खात्यात क्रमांक टाका, म्हणजे हा जीएसटी आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा धरता येतो. कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या जीएसटीत, असाल तर धरता येत नाही. यूपीआयने पैसे भरता येतात. सुरुवातीला थोडेच भरा.

'रेकमेंडेशन्स' मध्ये बजेट वाढवा, शब्द मोकळे करा असे सल्ले येत राहतात. ते आपोआप लागू होण्याची सोय बंद करा आणि प्रत्येक सल्ला वाचून मगच हो-नाही करा.

फोनवरचे भामटे

प्रोफाइल सुरू झालं की फोन येतील: "गुगलमधून बोलतोय, इतके भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल." प्रोफाइलसाठी गुगल पैसे मागत नाही. फोन ठेवा, ओटीपी देऊ नका. "पहिल्या नंबरवर आणण्याची गॅरंटी" देणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका विकत घेऊन ती वर चढवतो म्हणणाराही तसलाच, कारण पकडलं गेलं तर खाली जाते ती तुमची साइट. एखाद्या एजन्सीला काम द्यायचंच असेल तर खातं तुमचं ठेवा आणि त्यांना त्यात प्रवेश द्या. जायच्या दिवशी तो काढून घेता येतो.

महिन्यातून एक संध्याकाळ

मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मामांकडे जातो. जेवण झाल्यावर वही, प्रोफाइलचे आकडे आणि जाहिरातीचा अहवाल असं तिन्ही शेजारी ठेवतो. किती जणांनी पाहिलं यात मला रस नाही. किती फोन आले, किती जणांनी रस्ता बघितला आणि त्यातून किती मोटारी दुकानात आल्या, एवढंच बघतो. त्यासाठी मामांची एक सवय फार कामाची: प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला "नंबर कुठून मिळाला?" विचारून बिलाच्या कोपऱ्यात 'गु' किंवा 'ओ' लिहितात, गुगल किंवा ओळख. कोणत्याही साधनापेक्षा तो कोपरा मला जास्त भरवशाचा वाटतो. पावसाळ्यात बोअरला पाणी असतं, मोटारी कमी जळतात, तेव्हा जाहिरात बंद करतो आणि रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की पुन्हा लावतो. दाजींचं उलट. नवी हळद फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येते, तेव्हा त्यांचं पान आणि फोटो नव्याने करायचे असतात.

गेल्या वेळी मामांच्या अहवालात एक शब्द पुन्हा पुन्हा दिसला: सोलर पंप कंट्रोलर दुरुस्ती. गावोगावी सौर कृषी पंप बसले आहेत, ते आता बिघडायलाही लागले आहेत आणि दुरुस्तीला माणूस सापडत नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. मामा ते काम करत नाहीत, म्हणून मी तो शब्द नकोशा यादीत टाकायला निघालो होतो. मामांनी हात धरला. "थांब, आधी पोराला लातूरला शिकायला पाठवतो." मामेभाऊ शिकून येईपर्यंत तो शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवला आहे.